लिंबाचं पाणी

तुळजामावशीच्या जालन्याच्या घरात एकेक लिंबू किती राबायचं ते सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटेल. आधी रस वरणात. मग उरलेली साल मिठात बुडवून तांब्याच्या हंड्यावर. हंडा असा लख्ख व्हायचा की त्यात बघून मी कुंकू लावायचे! तीच साल पुढं मावशीच्या कोपरांवर, टाचांवर, कांदा चिरलेल्या बोटांवर. माझ्या पोलक्यावर शाई सांडली की मीठ-लिंबू चोळून पोलकं उन्हात. अन् पार चोथा झाला की मोरीत, वास मारू नये म्हणून. अंगणातल्या त्या झाडाला मी मावशीचा दवाखाना म्हणायचे.

"हस बाई, हस," मावशी म्हणायची. "उद्या गरज पडली की इथंच येशील."

अजून कुणी लिंबू चिरलं की मला ते अंगणच दिसतं. घासून उपडी घातलेली भांडी, त्यांच्यावरचं सकाळचं ऊन, पदर खोचलेली मावशी. आणि कोपऱ्यात मी, गोजर, केदारखेड्याहून आलेली भित्री पोर. आता मोठ्या शाळेत मला गप्प बसवता बसवता बाईंचा घसा बसतो, पण तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. गावात मुलींना शाळा नव्हती, म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला मावशीच्या भरवशावर जालन्यात ठेवलं होतं.

शाळेत आमच्या उस्तानी, म्हणजे शिकवणाऱ्या बाई, होत्या अनवरीबी. घरी उर्दू बोलायच्या, पण आम्हा खेड्यातल्या पोरींसाठी मराठी शिकल्या होत्या. नवा शब्द सापडला की नवी बांगडी मिरवावी तसा दिवसभर मिरवायच्या. एका गुरुवारी त्यांनी माझी वेणी उचलली आणि विंचू दिसल्यासारखी टाकून दिली.

"या अल्ला! गोजर, पूरा गाँव बसवलास गे डोक्यात! उवा!"

शाळेचा नियम कडक होता. उवा झाल्या तर केस बारीक कापायचे, नाहीतर घरी बसायचं.

"शनिवारी बघते मी," उस्तानी म्हणाल्या. "घरी लिंबाचं पाणी कर, केसांना बराबर चोळ. समजलं?"

घरी सांगितलं तशी मावशी मटकन बसली. "केस कापायचे? पोरीचे? अन् दाजी शनिवारीच बाजाराला येऊन राह्यले!"

दादा काय म्हणतील ते आम्हा दोघींनाही पाठ होतं. बोडकी पोरगी गावात दिसली तर लोक जगू देणार नाहीत, त्यापेक्षा शाळा बास.

"पण औषध सांगितलं ना उस्तानीनं, लिंबाचं पाणी? मंग काय!" मावशी एकदम उठली. "मी म्हणतच होते, लिंबात सगळं हाये."

शुक्रवारी सुट्टी, आमची शाळा रविवारी नाही, जुम्म्याला बंद असायची. मावशीनं झाड झोडपलं, लोणच्याला राखलेली लिंबंसुद्धा चिरली. खाजवून खाजवून माझं डोकं सोललेलं होतं. पहिली धार पडली आणि मी अंगणभर नाचले.

"मेले गं मावशे!"

"तू कशाला मरतीस, त्या मरतील! बस खाली!"

शेजारच्या साळूबाई भिंतीवरून डोकावल्या. "तुळजे, पोरीचं लोणचं घालून राह्यलीस काय?"

शनिवारी माझे केस रेशमासारखे चमकत होते. मी ऐटीत उस्तानींसमोर उभी राहिले. त्यांनी वेणी सोडली, बारीक फणी फिरवली आणि मला दाखवली. फणीवर एक ऊ चालत होती. चांगली धडधाकट.

"लिंबाचं पाणी लावलं न्हाई?"

"लावलं की! सगळं झाड पिळलं."

"झाड पिळलं? अगे, पाला उकळायचा!"

"लिंबाचा पाला कशाला उकळायचा?"

उस्तानींनी खिडकीबाहेरच्या कडूलिंबाकडे बोट केलं. "वो लिंब! नीम म्हणजे लिंब, तुम्ही पोरींनीच शिकवलं ना मला?"

"पण उस्तानी, लिंबू असलं तरी बी लिंबाचंच म्हणतात!"

अख्खा वर्ग खो खो हसला. उस्तानी हसल्या नाहीत. टेबलावर कात्री होती. कुठून कोण जाणे, माझं तोंड आपोआप उघडलं.

"चूक मराठीची, मंग केस माझे का कापायचे? आज दादा येणार हायेत. बोडकी दिसले तर मला गाडीत घालून नेतील. संध्याकाळपर्यंत थांबा, उस्तानी."

एवढं मी वर्षभरात बोलले नव्हते. उस्तानींनी कात्री खणात टाकली.

"शाळा सुटली की घर दाखव."

वाटेत त्यांनी कडूलिंबाच्या डहाळ्या तोडून घेतल्या. दारात उभ्या मावशीला मी सगळा घोळ सांगितला.

"लिंबाचं म्हणजे लिंबाचंच ना बाई?" मावशी म्हणाली.

"हौ, लिंबाचंच!" उस्तानींनी डहाळ्या पुढं केल्या.

आणि दोघीही हसत सुटल्या. मावशीनं अंगणात त्यांच्यासाठी घोंगडी अंथरली, चूल पेटवली. पाला उकळला, माझं डोकं धुतलं, घरभर कडू वास सुटला. उवा पटापटा गळल्या, पण लिखा केसांना चिकटलेल्याच.

"आमच्यात सिरका लावतात, उसाचा आंबलेला रस," उस्तानी म्हणाल्या. "खट्टं लागलं की सुटतात."

"खट्टं?" मावशी उठून झाडाकडे धावलीच. झोडपण्यातून वाचलेली दोन लिंबं होती वर. रस लावून एका बाजूनं मावशी, दुसऱ्या बाजूनं उस्तानी, अशी फणी चालली. मी मधे, मान खाली.

तेवढ्यात बैलगाडी थांबली. दादा आत आले. बाजारात साळूबाईंच्या नवऱ्यानं त्यांना उवांचं अन् केस कापायचं सगळं सांगितलं होतं.

"शाळा काय म्हणती?" त्यांनी मावशीला विचारलं. परक्या बाईशी थेट बोलायची रीत नव्हती.

उत्तर उस्तानींनीच दिलं. पांढऱ्या रुमालावर फणी झटकून रुमाल पुढं धरला. "बिलकुल साफ. उद्या पाठवा."

दादा वाकले. माझं डोकं हुंगलं. "कडू बी अन् आंबट बी. पोरगी हाये का काढा?"

ते तसेच वळून बाहेर गेले. बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला, मला वाटलं, झालं, आता हाक येणार. पेटी भर, चल. मावशीनं माझा हात घट्ट धरला.

आणि दादा आत आले ते खांद्यावर ज्वारीचं पोतं घेऊन. माझ्या खाण्याची ज्वारी. बाजारात ते ऐकलं तेव्हा, मला ठेवायचं की न्यायचं ते बघून ठरवू म्हणून, त्यांनी ती गाडीतच ठेवली होती.

"तुळजाबाई," ते म्हणाले, "पोतं कुठं टाकू?"