सान फ्रुत्तुओसोची वाट

सान रोक्कोच्या चर्चपासून निघून दीड तास झाला होता. उतार संपला की चढ, चढ संपला की पुन्हा उतार. फिओरेन्त्सा दोन काठ्या टेकत पुढे चालली होती आणि तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. ओर्नेल्ला एका चेस्टनटच्या बुंध्याशी बसली ती बसलीच.

"ऊठ गं, तासाभरात खाली सान फ्रुत्तुओसोच्या मठापाशी पोचू."

"तू जा."

"बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे. कंटाळले."

दोघींची आई फेब्रुवारीत गेली. त्याआधीची नऊ वर्षं ओर्नेल्लानं तिचं सगळं अंथरुणातच केलं होतं. फिओरेन्त्सा जेनोव्हाहून फक्त रविवारी यायची. ही सुट्टी तिनंच ठरवली होती. खोली, वाटा, जेवणाच्या जागा, सगळं कागदावर लिहून आणलं होतं.

"तुझ्यासाठीच केलं ना हे सगळं?" तिचा आवाज चिरकला.

"मला विचारलंस का एकदा तरी?"

फिओरेन्त्सानं पिशवीतून कांद्याचा फोकाच्चा पाव काढला, अर्धा मोडून बहिणीच्या हातात दिला. दोघींनी तो खाल्ला. बोटं तेलकट झाली. मागे फिरायचं म्हटलं तर अंतर जास्तच होतं, म्हणून ओर्नेल्ला गुडघ्यावर हात रेटून उठली.

खाली मठाशेजारच्या खानावळीत त्यांना समुद्राकडचं टेबल मिळालं. पालेभाजी भरलेली पान्सोती आली, करंजीसारखा पास्ता, वरून अक्रोडाचं दाट वाटण. ओर्नेल्लानं सुरी उचलली, एकेका पान्सोतीचे चार-चार तुकडे केले, फुंकर घातली आणि ताटली बहिणीपुढे सरकवली. मग तिचा हात थबकला.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "काय करतेय मी."

फिओरेन्त्सा हसली नाही. तिनं काटा उचलला आणि ते बारीक तुकडे खायला सुरुवात केली. निम्मी ताटली संपल्यावर म्हणाली, "रविवारी मी चारला निघायचे ना, गाडी आहे म्हणून? गाडी सहाची असायची. दोन तास स्टेशनवर कॉफी पीत बसायचे. मला आईकडे बघवायचं नाही."

"माहीत होतं."

"कसं?"

"स्वयंपाकघरात गाड्यांचं वेळापत्रक टांगलेलं होतं. तूच टांगलं होतंस."

"मग बोलली का नाहीस कधी?"

ओर्नेल्लानं दुसरी ताटली जवळ ओढली. "बोलून काय झालं असतं? तू यायचीच बंद झाली असतीस."

फिओरेन्त्सानं रुमालानं डोळे टिपले. ओर्नेल्लानं तिची समजूत घातली नाही. तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. ती आपलं अन्न गरम असतानाच, सावकाश, अख्खं अख्खं खात राहिली. कितीतरी दिवसांनी चव कळत होती.

परत जाताना त्या होडीनंच गेल्या. धक्का जवळ आल्यावर फिओरेन्त्सानं विचारलं, "उद्या काय करायचं?"

"तुला चालायचं तर चाल. मी खोलीवर पडून राहणार."

"मग जेवायला काय आणू?"

ओर्नेल्ला विचारात पडली. हे तिला बऱ्याच वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "मासे," ती शेवटी म्हणाली. "तळलेले. आणि काटे तू काढायचे."