दाराच्या डाव्या हाताची जागा

टिण्. सासूबाईंनी चहाच्या पेल्यावर पत्र्याचं झाकण ठेवलं आणि तळ्याकाठची शांतता तेवढ्याशा आवाजाने मोडली.

"लारास, उद्या मुर्नीचा क्लिवोन शुक्रवार ना गं? धाकटीला कुठे हलवलंस ते दाखवून ठेव. सकाळी फुलं ठेवायची आहेत."

लारासच्या हातातला पेला हातातच राहिला. "त्या... चाफ्याखालच्या दगडाखाली, इबू," ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की तिचं तिलाच नवल वाटलं.

"बरी जागा बघितलीस. सावलीची," सासूबाई म्हणाल्या आणि गुडघे चोळत पुन्हा पाण्याकडे पाहू लागल्या.

धाकटी म्हणजे मुर्नीची वार, तिच्या जन्मानंतर पडलेली. या गावात वारेला बाळाचं धाकटं भावंड मानतात. गाडग्यात घालून मुलाची पुरायची दाराच्या उजव्या हाताला, मुलीची डाव्या. बाळ मोठं होऊन जगात कुठेही गेलं, तरी धाकटं दाराशी बसून त्याची वाट राखतं. मुर्नी, लारासची नणंद, म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला तैवानला गेली त्याला अकरा वर्षं झाली. गेली तीन वर्षं तिचा फोन नाही, निरोप नाही. पण दर पस्तीस दिवसांनी क्लिवोन शुक्रवार, तिचा जन्मवार, फिरून आला, की सासूबाई, इबू सुमिनाह, दाराच्या डाव्या हाताला ओंजळभर फुलं ठेवायच्याच.

दारापुढची ही बाग लारासनेच आखली होती. योग्या शहरातल्या छोट्या अतिथिगृहांना ती बागा आखून द्यायची. जणू कुणी केल्याच नाहीत, आपल्या आपण उगवल्यात अशा. ही मात्र सासूबाईंसाठी. छोटी लेक गेंदिस दुपारी निजली, की तिच्याच चित्रांच्या पाठकोऱ्या कागदांवर लारास रेघा मारत बसायची: इथे चाफा, इथे नदीतले गोटे, इथे वाहत्या पाण्याचा आवाज यायला हवा. सासूबाई आधी हबकल्याच होत्या. "पानं झाडायचीच नाहीत? लोक म्हणतील, सुमिनाहच्या सुनेला केरसुणी धरता येत नाही!" मग हळूहळू त्याच विचारायला लागल्या, माझी खुर्ची कुठे गं येणार?

पाण्याचा उतार दाराच्या डाव्या हाताला होता. तळंही तिथेच आलं.

खोदाईला कार्मिन होता; वडीलधारा म्हणून लारास त्याला पाक म्हणायची. तिसऱ्या दिवशी त्याची कुदळ कशावर तरी खणकली. काळं गाडगं, वर झाकण. कार्मिनने कुदळ बाजूला ठेवली, डोक्यावरची टोपी काढली आणि तो उकिडवा बसला. "ताई, हे इबूंचं आहे. त्यांना हाक मारू या."

सासूबाई सकाळपासून लग्नघरी भाज्या चिरायला गेल्या होत्या. त्यांना बोलवायचं, पांढरं कापड, तांदूळ, फुलं आणायची, त्यांनी दोन शब्द बोलायचे, मग हलवायचं. दिवस गेलाच असता. आणि संध्याकाळी एक अतिथिगृहवाली बाई बाग बघायला येणार होती. तिला बाग आवडली, तर वर्षभराचं काम मिळणार होतं.

"जुनं मडकं आहे, पाक. राडारोड्यात टाका."

कार्मिनने तिच्याकडे एकदाच पाहिलं. "तुम्ही म्हणाल तसं," म्हणाला आणि उचलून टाकलं.

तिला ठाऊक नव्हतं असं नाही. तिची स्वतःची वार दोन डोंगरांपलीकडे, तिच्या आईच्या दाराशी पुरलेली होती. म्हणून तर सासूबाईंनी इतके दिवस विचारलंही नाही. याच मातीतली मुलगी, तिला काय सांगायचं?

शुक्रवारी सकाळी शेजारची सार्तिनी फुलं घेऊन आली. "तळं कसलं गं हे, सुमिनाह! म्हैस आणून बसव आता!"

"तूच बैस. तेवढीच जागा आहे," सासूबाई हसल्या. मग चाफ्याकडे वळून म्हणाल्या, "पोटच्या मुलीने केलं नसतं, ते सुनेने केलं बघ. मी लग्नघरी, आणि हिने एकटीने धाकटीला हलवलं. कार्मिनला हातसुद्धा लावू दिला नसेल. हो ना गं?"

कार्मिन कुंपणाशी बांबू तासत होता. त्याचा कोयता थांबला. त्याने मान वर केली नाही.

"इबू..." लारास म्हणाली.

"काय गं?"

"चहा आणू?"

"आण. सार्तिनीला साखर जास्त. जीभ तरी गोड होऊ दे."

लारास पेले घेऊन बाहेर आली, तेव्हा सासूबाई दुखरे गुडघे मुडपून दगडासमोर बसल्या होत्या. केळीच्या पानावर गुलाबाच्या पाकळ्या होत्या. त्या दगडाशी हळू आवाजात बोलत होत्या, झोपलेल्या लेकराशी बोलावं तसं. "मुर्नीला सांग, घर तेच आहे. फक्त दारात पाणी आलंय. घाबरू नकोस म्हणावं. वळसा घालून ये."

लारासने पेले ओटीवर ठेवले. ती घराला वळसा घालून मागे, बांबूच्या बेटापाशी गेली. तिथे खोदाईची माती, विटांचे तुकडे, मुळं, फुटकी कौलं यांचा ढीग पडला होता. ती गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती उपसू लागली. एक काळी खापरी लागली, मग दुसरी. कुठली कौलाची, कुठली गाडग्याची, ओल्या मातीत सगळ्या सारख्याच. एक ती कपड्याच्या टोकाने पुसत राहिली. नखांत माती गेली, बोट कापलं.

"आई?"

गेंदिस चपला न घालताच आली होती. आईसारखीच गुडघ्यांवर बसली आणि तिनेही मातीत हात घातले.

"काय हरवलंय?"

लारासने खापरी मुठीत धरली.

"सांग ना, आई. कुणाचं हरवलंय?"