तीन मापं औषध

"हे काय उगवलंय?" साहेबांनी लॉनमधून रुंद पानांचं एक तण मुळासकट उपटलं आणि यंत्रवालीच्या नाकासमोर धरलं. "तीन आठवडे झाले फवारून. तुमच्या यंत्राने औषध मारलं की नुसतं पाणी?"

फवारणीचं यंत्र बसवायला कंपनीने नेमलेल्या त्या बाईने तण हातात घेऊन मुळं निरखली. तिचं चारचाकी यंत्र शेजारी उभं होतं. पलीकडच्या लॉनवर फवारणीवाला पाठीवर पंप घेऊन सावकाश चालला होता. त्याच्या लॉनमध्ये तण औषधालाही सापडलं नसतं.

"शुक्रवारपर्यंत जमवा. नाहीतर यंत्र परत आणि तुम्हीही परत," असं बजावून साहेब गाडीकडे गेले.

फवारणीवाल्याने सगळं ऐकलं. त्याला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. यंत्र चाललं की हा भाग यंत्राचा, आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर तो घरी, हे ठरलेलंच होतं.

फवारणीत सगळा खेळ पावलांचा. माणूस भराभर चालला तर औषध कमी पडतं, रेंगाळला तर जास्त पडून गवत जळतं. कंपनीचा नियम होता टाकीला चार मापं औषध आणि झपझप चाल. चार वर्षांपूर्वी फवारणीवाल्याच्या उजव्या गुडघ्याने दगा दिला. चाल मंदावली, तसा तो गुपचूप तीनच मापं घालू लागला. गवत जळलं नाही, तण उरलं नाही, गुडघ्याचा कंपनीत कुणाला पत्ता लागला नाही.

महिन्यापूर्वी यंत्रवाली त्याचं काम टिपून घ्यायला आली. "काका, तुमचा भाग सगळ्यात स्वच्छ. यंत्राला तुमच्यासारखंच चालवायचंय," म्हणाली. तिच्या हातात घड्याळ. परक्या बाईसमोर लंगडायचं कसं, म्हणून हा गडी दातओठ खात विशीतल्या पोरासारखा चालला. मापं मात्र हाताच्या सवयीने तीनच पडली. चार मापांचा नियम तिला कुणी सांगितला नव्हता; तिने वेग आणि मापं, दोन्ही इमानेइतबारे यंत्रात भरलं.

घोटाळा त्याच्या लक्षात आला तो संध्याकाळी, गुडघ्याला तेल चोळताना.

"मग उद्या सांगून टाका की," बायको म्हणाली.

"सांगतो, आणि बसतो तुझ्यासमोर दिवसभर. चालेल?"

"नको बाई. त्यापेक्षा गप्प बसा."

दोघं हसली, आणि तो गप्प बसला.

आता साहेबांची गाडी अजून फाटकाबाहेरच होती, ते फोनवर बोलत होते. यंत्रवाली त्याच्याकडे आली. तिची नखं औषधाने पिवळी पडली होती.

"काका, तीन दिवस नळ्या खोलून बघतेय. सगळं तुमच्यासारखंच आहे. माझ्याच बघण्यात काहीतरी चुकलं. मला हे कामच जमत नाही बहुतेक."

फवारणीवाल्याला लाज वाटली. तिने एकही गोष्ट चुकीची टिपली नव्हती, आणि ते फक्त त्यालाच ठाऊक होतं. त्याने पंप खाली ठेवला.

"तुमचं बरोबर आहे, मॅडम. मीच त्या दिवशी खोटं चाललो."

"खोटं म्हणजे?"

"गुडघा गेलाय माझा. तीन मापं माझ्या मंद चालीची. यंत्राच्या वेगाला चार लागतात. एक वाढवा, तण जाईल."

ती त्याच्या पायाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी साहेबांना गुडघ्याचं नाही सांगणार."

"मग तिनाची चार का केली, काय सांगाल? चूक तुमच्या नावावर राहील. खरं तेच सांगा."

तिने घड्याळ शून्यावर आणलं. "एकदा खरी चाल दाखवता? वेळ लावून हिशोब पक्का करते."

त्याने पंप पाठीवर चढवला, पट्टे आवळले आणि लॉनच्या कडेपासून निघाला. उजवा पाय ओढत, प्रत्येक पावलाला एका बाजूला झुकत. निम्म्यावर आला तेव्हा साहेब फोन संपवून फाटकाशी उभे होते. फवारणीवाल्याने त्यांना पाहिलं, आणि चाल न बदलता ओळ पुरी केली.