मेव्हण्याची गाडी

जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याला सगळे काटा म्हणत. वजनकाट्यातला काटा. छोट्या, जुन्या मोटारसायकलीची किंमत त्याने एकदा सांगितली की विकणाऱ्याचं तोंड पडायचं, घेणारा कुरकुरायचा आणि सौदा मुकाट तिथेच व्हायचा. चाळीस वर्षं हे चाललं होतं. एवढी वर्षं कोणी आपल्याला खोटं पाडलं नाही की माणसाला जे होतं ते त्यालाही झालं होतं. जगात गाडी समजणारी दोनच माणसं, एक त्याचे वस्ताद आणि एक तो स्वतः, असं त्याचं मत होतं. वस्ताद वारले होते. उरलेल्यांना तो गाढवं म्हणायचा, आणि मागे नाही, तोंडावर.

त्याची पद्धत ठरलेली. प्लग काढायचा, त्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि मालकाला किक मारायला लावायची. आतली हवा अंगठा कशी उडवते त्यावरून तो इंजिनाची तब्येत ओळखायचा. रंगाकडे ढुंकून बघायचा नाही. कोणी रंगाचं कौतुक सुरू केलं तर म्हणायचा, "रंगच हवा असेल तर भिंत विकत घे."

या गाढवांच्या यादीत पहिला नंबर मेव्हण्याचा होता. म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा. टपाल कचेरीतला कारकून, अंगाने काडी, आणि जवळ एक पन्नास वर्षांपूर्वीची छोटीशी मोटारसायकल. रविवारी सकाळी हा माणूस कोरडं मऊ फडकं घेऊन गाडीपुढे तासभर बसायचा. पाणी लावायचा नाही, पॉलिश लावू द्यायचा नाही. टाकीवरचा रंग उडाला होता, कडांना गंज धरला होता, तरी म्हणायचा, "दादा, कारखान्यातला रंग आहे. परत मिळायचा नाही." काटा हसायचा. ज्याला कार्बोरेटर उघडता येत नाही त्याने गाडीवर बोलावं, यापरता विनोद नाही, असं तो बहिणीसमोरच म्हणायचा. मेव्हणाही हसायचा आणि पुसत राहायचा.

मेव्हण्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. बहीण बटणं, अस्तरं, दोरे, चेन विकणाऱ्या एका दुकानात अठरा वर्षं नोकरी करत होती. मालक थकला होता. शनिवारपर्यंत ऐंशी हजार अनामत आणलीस तर दुकान तुला चालवायला देतो, नाहीतर शेजारचा मोबाइलवाला टपून बसलाय, असं त्याने सांगितलं होतं. बहिणीकडे विकण्यासारखं एकच होतं.

"दादा, किती येतील?"

काट्याने अंगठा लावला. "नव्वद. एक कमी नाही."

तिचा चेहरा असा उजळला की काट्याला उगाच दुसरीकडे बघावं लागलं. तिने भाच्याकडून फोटो काढवून जाहिरात टाकली. एका दातांच्या डॉक्टरणीचा फोन आला, गुरुवारी बघायला येते म्हणाली.

"दातवाली," काटा म्हणाला. "तिला काय कळणार? चकाकलं की भुलणार." आणि बहिणीवरच्या मायेपोटी, आणि दातवालीबद्दलच्या तुच्छतेपोटी, त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. सोमवारी गाडी गॅरेजवर नेली. टाकी तासून पत्र्यापर्यंत आणली, लालभडक रंग मारला, वर लाखेचा हात दिला. सायलेन्सर नवा बसवला, जुना भंगारात टाकला. काम फर्स्टक्लास झालं. माशी बसली तर घसरेल असं.

गुरुवारी डॉक्टरीण आली. पन्नाशीची, साधे कपडे, खांद्याला पिशवी. बोळात पाऊल टाकलं आणि थांबलीच. हातातल्या फोनवरचा फोटो बघितला, गाडी बघितली.

"हीच का?"

"हीच," बहीण अभिमानाने म्हणाली. "दादाने नवी करून दिली. बसा, मी चहा टाकते आणि कागद आणते."

ती आत गेली. डॉक्टरणीने पिशवीतून बारीक टॉर्च काढला, सरळ फरशीवर आडवी झाली आणि गाडीच्या पोटाखाली बघू लागली. काट्याला हसू आलं. मग ती उठली, प्लग काढला आणि भोकावर अंगठा धरला.

"काका, किक मारता?"

काट्याचं हसू मावळलं. त्याने किक मारली.

"इंजिन सुरेख आहे," ती म्हणाली. मग टाकीवर तळवा ठेवून हळू आवाजात, आत ऐकू जाणार नाही अशी बोलली, "पहिल्या वर्षीच्या गाड्यांवर इथे एक सोनेरी रेघ कारखान्यात हाताने ओढायचे. कुंचला उचलला की टोकाला थेंब राहायचा. फोटोत तो थेंब दिसत होता. असल्या मला माहीत असलेल्या तीनच उरल्यात. मी लाख घेऊन आलेय."

काट्याने किकवरचा पाय खाली घेतला.

"जुना सायलेन्सर ठेवलाय?"

"नाही."

तिने टॉर्च पिशवीत टाकला. रागावली असती तर बरं झालं असतं, त्याला उलटून बोलता आलं असतं. पण तिने त्याच्याकडे किडलेला दात ठेवून चांगला उपटणाऱ्या नवशिक्याकडे बघावं तसं बघितलं. "बाजारात म्हणतात, किंमत तुमची. तुम्हीच सांगा."

सत्तर म्हणावं असं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण चाळीस वर्षांची जीभ ती, वळेना. असल्या गाड्यांना नव्वद येतात ते कशाचे, हे त्याला आत्ता कळलं होतं.

"पस्तीस," तो म्हणाला.

बहीण चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिने ऐकलं. ट्रे खाली ठेवला, पदर सारखा केला आणि डॉक्टरणीला म्हणाली, "दादा म्हणाला म्हणजे तेवढीच." घासाघीस केली नाही की का म्हणून विचारलं नाही. डॉक्टरणीने पैसे दिले, संध्याकाळी टेम्पो पाठवते म्हणाली आणि चहा न घेता गेली.

बहीण पायरीवर बसली. पैसे मांडीवर ठेवले.

"दुकान गेलं," ती म्हणाली. "जाऊ दे. मीच वेडी. ते म्हणायचे ना, माझ्या गाडीला एक दिवस सोन्याची किंमत येईल, आणि मी ते धरून बसले. तू म्हणायचास ते खरं, दादा. त्यांना काही कळत नव्हतं."

हे मात्र काट्याला गिळता आलं नाही. चाळीस वर्षांत तो कोणासमोर चुकलो म्हणाला नव्हता, बायकोसमोरही नाही.

"त्यालाच कळत होतं," तो म्हणाला. "तो रंग होता म्हणून लाख होते. बाई लाख घेऊन आली होती. मी तो खरवडला. गाढव मी."

तिने मान वर केली. ओरडेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. ती नुसती बघत राहिली. नजर त्याच्या ओळखीची होती. खटारा घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तो स्वतः असंच बघायचा.

"रंगाचे, सायलेन्सरचे किती झाले?"

"ते सोड गं."

"किती?"

"सहा हजार."

तिने नोटा मोजल्या आणि त्याच्यापुढे धरल्या.

"मला नकोत."

"घे. काम चोख केलंयस. नाही घेतलेस तर फिटलं असं वाटेल तुला, आणि ते मला चालणार नाही."

त्याने घेतल्या. ती उठली, आतून ते जुनं मऊ फडकं आणलं आणि पायरीवरचा, त्याच्या बुटांनी आणलेला चिखल त्या फडक्याने पुसू लागली.