बांधावरची तार

उमरग्याच्या अंगाला येळवस म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. त्या अमावास्येला गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळं गाव रानात. कडब्याची कोप उभारायची, पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, हिरव्या दाण्यांच्या न् पालेभाज्यांच्या भज्जीवर, ताकाच्या आंबिलीवर ताव मारायचा आणि बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. ओळख असो नसो, भांडण असो नसो. बलभीमला हा सण जीव की प्राण. यंदा मात्र त्याच्या मनात एक ठणका होता, आणि त्या ठणक्याचं नाव बंडप्पा.

शेजारच्या रानातला हा म्हातारा महिनाभर आपल्या हरभऱ्याचे ढाळे उपटून नेतोय, अशी बलभीमची खात्री होती. पिकाची चार तासं, अख्ख्या ओळीच्या ओळी, उघडी पडली होती. विचारलं की बंडप्पा नुसता दात काढायचा. त्या हसण्यानंच बलभीमचं डोकं फिरलं. काल सांजच्याला त्यानं कुणाला न सांगता बांधाच्या कडेनं गुडघाभर उंचीवर उघडी तार ओढली आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून तिच्यात करंट सोडायची सोय केली. रानात लाईट रातची येते, दिवसा तार मेलेली, मग सणाला कसला धोका? झालं, गडी निर्धास्त.

पूजा उरकली. नात अर्पिता धाराशिवला वकिलीचं शिकते, ती सणाला आली होती. ती पत्रावळी मांडत असताना बलभीमनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "पोरी, आपल्या रानात चोर घावला आन् मारला, तर कायदा काय म्हंतो?"

"मारला म्हंजे? दोन फटके, का जिवानिशी?"

"समज, जिवानिशी."

अर्पितानं पत्रावळी खाली ठेवल्या. "आबा, जो आपल्या जिवावर उठलाय त्याचाच जीव घ्यायची मुभा हाय. दरोडा घालतोय, रातचं घर फोडून शिरलाय, चोरी करताना सुरा उगारतोय, तिथली गोष्ट येगळी. ढाळे उपटणारा काय तुमचा गळा कापतोय व्हय?"

"मग काय गप बसायचं?"

"गप कशाला? हटका, धरा, पोलिसात द्या."

"आन् आपुन तिथं नसलो तर? नुसती तारच आसली तर?"

"मग तर लईच वाईट. तुमी असलात तर तोंड बघून हात आवराल. तार काय बघनार?" तिनं डोळे बारीक केले. "कुठली तार, आबा?"

"काय न्हाय गं. गावात कुनीतरी म्हनत होतं."

एवढ्यात बलभीमच्या बायकोनं, कडूबाईनं, कोपीतून खणखणीत आवाज दिला, "ओ अप्पा! या की जेवायला!" बांधापलीकडून बंडप्पा येत होता, हातात आंबिलीचा तांब्या. बलभीमच्या कपाळाला आठ्या पडल्या. ह्यालाच बोलवायचं होतं का बायकोला! पण येळवशीला कुणाला नको म्हणता येतंय?

आणि विहिरीवरच्या पायपातून भसकन पाणी पडायला लागलं.

बलभीमला आत्ता आठवलं. आजपास्नं लाईटची पाळी बदलली होती! हा आठवडा दिवसाचा. जन्मभर ह्या पाळ्यांवर पाणी धरणारा माणूस सणाच्या गडबडीत साफ विसरला होता. मोटार आपोआप चालू झाली होती, म्हणजे तारही जिवंत झाली होती. बंडप्पा धोतर सावरत तिच्यापासून चार पावलांवर.

"अप्पा! थांब! पाय टाकू नगंस!" बलभीम ओरडत विहिरीकडं सुटला. एक चप्पल चिखलात राहिली, पटका भुईला पडला. त्यानं पेटीचा खटका खाली ओढला. पाणी थांबलं. मागं बघितलं तर बंडप्पा जागच्या जागी उभा, तोंड एवढंसं झालेलं.

"जेवायला बोलावून हाकलतो काय रे?"

बलभीम बांधावर परत आला. त्यानं स्वतःच्या हातानं तार उपटली, गुंडाळून बाजूला फेकली आणि सगळ्यांसमोर काय केलं होतं ते सांगून टाकलं. कडूबाईनं तोंडाला पदर लावला. बंडप्पानं आंबिलीचा तांब्या बांधावर ठेवला.

"ढाळे मीच नेलो," तो म्हणाला. "मागितलो असतो तर दिला असतास?"

बलभीमनं खरं तेच सांगितलं. "न्हाय."

दोघंही हसले, आणि बंडप्पा बांध ओलांडून पंगतीला बसला. कोवळं ऊन होतं, भज्जीचा वास सुटला होता, आणि माणूस जिवंत समोर बसला होता. ह्याहून जास्त त्याला काही नको होतं.

"आबा," अर्पिता हळू आवाजात म्हणाली, "अप्पा चार पावलं पुढं असते, तर कोर्टात काय सांगितलं असतं तुमी?"

"काय सांगनार? जेवायला बोलावलेला मानूस मारला, आसंच सांगावं लागलं असतं." एवढं बोलून बलभीमनं पळी उचलली आणि बंडप्पाच्या पत्रावळीवर भज्जी वाढली.

"मीठ कमी हाय," बंडप्पा म्हणाला.

"गुमान खा की, चोरट्या," बलभीम म्हणाला आणि आणखी एक पळी वाढली.