लाल मुठीचा चाकू

सून गेली आणि चाकू मागे राहिला. कलमांच्या शेडमध्ये, सुतळीच्या डब्यामागे पडला होता. बाईंनी उचलला तो कचऱ्यात टाकायच्याच विचारानं.

लाल प्लॅस्टिकची मूठ, बोटभर पातं, दुमडलं की मुठीत जाऊन गप्प बसणारं. असले चाकू लोखंडी सामानाच्या दुकानात गल्ल्यापाशी बरणीत उभे करून ठेवलेले असतात आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सुनेनं तो आणला त्या दिवशी बाईंनी तिला सगळ्यांदेखत विचारलं होतं, की हे खेळणं कुणासाठी आणलंस, घरात तर अजून पाळणा हलला नाही. सुनेनं चाकू मिटवून खिशात टाकला. बाईंना वाटलं, बरी जिरली.

आता तो हातात घेतल्यावर टाकवेना. फुकट गेलेली वस्तू टाकायची बाईंना सवय नव्हती. त्यांनी तो कमरेला खोचला आणि विसरून गेल्या.

बाईंची रोपवाटिका गुलाबांची. रानगुलाबाच्या खोडाला बुंध्याजवळ साल चिरायची, चांगल्या जातीच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे फुटू पाहणारा कोंब, काढून त्या चिरेत बसवायचा, वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची आणि वाट बघायची. डोळा हिरवा राहिला तर रोप, काळा पडला तर नुसती काडी. सगळी मदार त्या एका कापावर. बाईंच्या नवऱ्यानं हयातभर एकाच चाकूनं हे काम केलं. शिंगाची मूठ, जाड पातं, एका अंगाला सपाट आणि दुसऱ्या अंगाला उतरती धार. नवरा गेल्यावर तो चाकू बाईंकडे आला. घरचा नियम असा, की ज्याला कलम शिकायचंय त्यानं याच चाकूनं शिकायचं. मुलगा शिकला नाही, त्याचा जीव गाडीच्या चाकात. सून मात्र आल्या आल्या म्हणाली, मला शिकवा.

सून डावखुरी. बाईंनी आधी चाकू तिच्या उजव्या हातात दिला, तर पोरीनं बोटं कापून घेतली. मग बाई म्हणाल्या, घे बाई डाव्या हातात, तुझं तेच खरं. आपण केवढी मोठी सूट दिली असं त्यांना वाटलं. पण डाव्या हातात चाकू एकतर लाकडात घुसायचा, नाहीतर सालीवरून सटकायचा. डोळा फाटून निघायचा, लावला की काळा पडायचा. सुनेनं एकदा दबकत विचारलं होतं, की धार दुसऱ्या बाजूनं लावून बघू का. बाईंचं तोंड सुटलं. ज्या चाकूनं या घराची चूल पेटली, त्याची धार काल आलेली पोरगी फिरवणार. चाकूत खोट नाही, हातात आहे. हाताला गुण लागतो, तो बाजारात मिळत नाही. त्यानंतरच्याच आठवड्यात सून तो लाल मुठीचा चाकू घेऊन आली होती. बाईंनी कलमाला तो लावूच दिला नाही.

मग एका सकाळी दवाखान्यातली नर्सबाई गुलाब न्यायला आली. सुनेनं तिच्यापुढे एक रोप धरलं. बाई खुर्चीतूनच बोलल्या, "तिच्या हातचं नेऊ नका. तिच्या हाताला गुण नाही, घरी नेईपर्यंत मान टाकेल."

नर्सबाई ओशाळली. सुनेनं रोप खाली ठेवलं, फडक्याला हात पुसले आणि पाण्याची झारी उचलली. तिथून पुढे तिनं कलमाचं नाव काढलं नाही. पाणी घालायची, तण काढायची, जगलेल्या रोपांच्या पट्ट्या सोडायची. काही महिन्यांनी मुलगा म्हणाला, दुसऱ्या गावी काम मिळालंय, आम्ही तिकडेच राहू. खरं कारण कुणी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. निघताना सून "येते" म्हणाली. बाईंनी माळीदादांना सांगितलं, येते म्हणालीय, चार दिवसांत कंटाळून येईल.

माळीदादा म्हणजे नवऱ्याच्या वेळेपासूनचा माणूस. त्यांची कंबर धरलेली असते आणि तोंड मिटलेलं.

सुनेच्या मागे पट्ट्या सोडायचं काम राहिलं. वेळेत सोडली नाही तर पट्टी खोडात रुतते आणि चांगलं जगलेलं रोप गळा आवळून मरतं. दुसरीकडे लोक पट्टी चाकूनं चिरतात आणि मोकळे होतात. बाईंच्या घरी पट्टी कापत नाहीत. सोडायची, धुवायची, वाळवायची आणि परत वापरायची. बाई ठेंगणं स्टूल घेऊन पाण्याच्या टाकीजवळ बसल्या. तिथला वाफा यंदा सगळ्यांत सरस आला होता, एक डोळा वाया गेला नव्हता. बाई मोतीबिंदूसाठी लेकीकडे राहिल्या होत्या, तेव्हा त्यातली कलमं बांधलेली. परत आल्यावर त्यांनी तो बघितला, माळीदादांची पाठ थोपटली आणि सुनेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, बघा, हात असा असावा. सून तेव्हा टाकीवर झारी भरत होती. भरून वाहायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

बाईंनी पहिल्या रोपाच्या पट्टीचं टोक धरलं आणि सवयीनं हात फिरवला. पट्टी सुटेना, उलट आवळत गेली. नखानं गाठ सैल केली, परत फिरवला, परत आवळली. डोळ्यांचं ऑपरेशन वाया गेलं की काय, असं त्यांना वाटलं. दुसरं रोप घेतलं. तेच. तिसऱ्याला त्यांनी हात उलटा फिरवला, तर पट्टी मऊपणे सुटत आली, वेणी सुटावी तशी.

त्या तिथंच थांबल्या. या घरात पट्टी एकाच बाजूनं गुंडाळतात. नवऱ्यानं माळीदादांना शिकवलं, बाईंना शिकवलं, सगळ्यांचे हात एकाच अंगानं फिरतात. उलटी पट्टी डावा हातच गुंडाळतो.

बाईंनी हाक मारली. माळीदादा फावडं टेकून उभे राहिले. बाईंनी विचारलं, या वाफ्यातली कलमं कुणी बांधली. माळीदादांनी आधी टाकीकडे बघितलं, मग चपलांकडे. म्हणाले, तेव्हा कंबर फारच धरली होती, वाकता येईना, काड्या वाळून चालल्या होत्या. सूनबाई म्हणाल्या, मी करते, आईंना सांगू नका.

"आणि मी तुमची पाठ थोपटली तेव्हा?"

"तुमच्यापुढे कोण बोलणार, बाई. मी सूनबाईंकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मग मीही गिळलं."

बाईंनी कमरेचा चाकू काढला आणि पहिल्यांदा नीट उघडला. बरणीतल्या चाकूला दोन्ही बाजूंनी सारखी धार असते. याची एक बाजू घासून सपाट केली होती आणि दुसरीला उतार दिला होता. नवऱ्याच्या चाकूसारखाच, फक्त आरशात बघावा तसा. पात्याचा खिळा थोडा खुळखुळत होता, म्हणून तिथं दोरा गुंडाळलेला. तोही उलटाच. बाईंनी एक रानगुलाबाची काडी घेतली आणि आपल्या उजव्या हातानं काप द्यायला गेल्या. चाकू लाकडात घुसला. परत दिला. सालीवरून सटकला आणि अंगठ्याला लागला. सून हेच दुखणं घेऊन वाफ्यात बसायची आणि वरून आपली जीभ.

मग त्यांनी चाकू डाव्या हातात धरला. हात सवयीचा नव्हता, पण पातं आपसूक सरकलं. काप ओलसर, गुळगुळीत.

अंगठा तोंडात धरून बाई त्या चाकूकडे बघत बसल्या. नरम लोखंड, म्हणजे धार लवकर जाणार, पण कुठल्याही दगडावर परत येणार. हलका, म्हणजे दिवसभर धरला तरी मनगट भरून येणार नाही. लाल, म्हणजे मातीत पडला तर दिसणार. आणि कुणी मोठ्या माणसानं वापरलेला नाही, म्हणून ज्याच्या हातात जाईल त्याच्या हाताचा होणार. नवऱ्याचा चाकू लाखात एक होता, पण तो कुणासाठी वाकला नाही. बाईंना वाटलं, आपणही त्याच लोखंडाच्या.

बाईंनी तिथूनच फोन लावला. वाफ्यात अजून रानगुलाबाचे कितीतरी खुंट डोळे भरायचे उभे होते, माळीदादांची कंबर गेलेली, बाईंची नजर नवी पण बोटं जुनी. यंदा हात लागला नाही तर पुढल्या वर्षी विकायला काय, हे त्यांना दिसत होतं. पण तेवढ्यासाठी फोन केला असता तर त्यांनी घसा साफ करून हुकूम दिला असता. तसा आवाज निघेना.

"तुझा चाकू राहिलाय इथं."

"असू द्या आई. मी दुसरा घेतला. तसलाच."

"कशाला?"

सुनेनं सांगितलं, की तिथं गावाबाहेर एक रोपवाटिका आहे, तिथं कामाला लागलीय. पहिल्याच दिवशी मालकानं विचारलं, कुठल्या हातानं काम करतेस, आणि धारेचा दगड पुढे केला. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बाईंना उत्तर सुचलं असतं.

"टाकीजवळच्या पट्ट्या सोडतेय," बाई म्हणाल्या.

सून हळूच म्हणाली, "उलट्या फिरवा आई. नाहीतर आवळतील."

"कळलं." बाईंनी सुटलेली पट्टी बोटाभोवती गुंडाळली. "यायला जमेल का तुला? थोडे दिवस?"

"इथंही डोळे भरायचे दिवस आहेत. मालकांना शब्द दिलाय." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "अंगठ्याला जपा. तो चाकू उजव्या हाताला लागतो."

बाईंनी अख्खा वाफा उलट्या हातानं सोडला. पट्ट्या धुतल्या, दोरीवर टाकल्या. शिंगाच्या मुठीचा चाकू कपाटात गेला आणि लाल चाकू सुतळीच्या डब्यापुढे, येणाऱ्याला दिसेल असा ठेवला. येणारं कुणी नव्हतं, तरी.

त्या आठवड्यात नर्सबाई परत आली. तिला दारात लावायला एक गुलाब हवा होता. बाई खुर्चीतून उठल्या, स्वतः टाकीजवळ गेल्या आणि सगळ्यांत भरलेलं रोप उचलून आणलं.

"हे न्या. माझ्या सुनेच्या हातचं आहे."

नर्सबाई चाचरली. म्हणाली, "पण तुम्हीच तेव्हा..."

"म्हणाले होते," बाई म्हणाल्या. आणि रोप तिच्या हातात देऊन पाठमोऱ्या झाल्या, कारण झारीत पाणी भरायचं होतं आणि आता ते त्यांनाच करावं लागत होतं.