काचेवरचा पत्ता

पाइन लेक काउंटीच्या नोंदणी कचेरीतून आर्डिस हॅल्वरसन यांच्या सहीविना खुर्चीही बाहेर जात नसे. आज तर नोंदींच्या टेपा वाचणारे जुने टेपयंत्र जायचे होते. ते नेणारा ट्रक दाराशी उभा होता, आणि साठ वर्षांच्या नोंदी तळहाताएवढ्या एका काचेत उतरवून तंत्रज्ञ डॅरेन ओयाला त्यांच्या सहीची वाट पाहत होता.

"हजार वर्षं टिकेल, आर्डिसबाई. आग लागो, पूर येवो, एक अक्षर जायचं नाही."

"मला हजार वर्षं थांबायचं नाही. लॉर्ना सेदर हे नाव काढ."

नाव निघाले. त्याखाली लॉर्नाचा पत्ताही निघाला: घर, रस्ता, गाव.

आर्डिसबाईंनी चष्मा उतरवला. नवऱ्याच्या मारापासून पळालेल्या लॉर्नाचा हा पत्ता अकरा वर्षांपूर्वी न्यायालयाच्या हुकमाने त्यांनी स्वतः पुसला होता. आता तो कोणाला सापडणार नाही, असा शब्दही तिला दिला होता.

"हा कुठून आला?"

"जुन्या टेपांतून. काही राहू नये म्हणून कपाटातल्या सगळ्याच उतरवल्या."

"त्या पुसण्याआधीच्या प्रती, म्हणून तर त्या कपाटाला कुलूप होतं, डॅरेन. उद्यापासून खिडकीवर येणारा कोणीही हे नाव शोधील. तिचा नवरासुद्धा. पूस."

"काचेवरचं पुसता येत नाही हो. तोच तर तिचा गुण."

"माझ्या सासूचाही तोच होता. तिला आम्ही काही सांगतच नव्हतो."

डॅरेन हसला, मग काच उलटसुलट पाहत म्हणाला, "प्रत्येकाच्या नोंदीला वेगळं सांकेतिक कुलूप घालून लिहिता येईल. किल्ल्या काचेबाहेर ठेवायच्या. न्यायालयानं सांगितलं, की त्याची किल्ली नष्ट करायची. अक्षरं राहतील, पण कोणाला वाचता येणार नाहीत."

"मग आधीच तसं का नाही केलंस?"

"कोणी विसरायला सांगितलंच नव्हतं. पण सगळं टेपांवरून पुन्हा लिहायला तीन आठवडे लागतील, तोवर हे यंत्र इथेच लागेल."

"लाग कामाला. पहिली किल्ली लॉर्नाची मोडायची, माझ्यासमोर."

त्यांनी काच रुमालात गुंडाळली आणि कचेरीचा लोखंडी शिक्का उचलून तिच्यावर तीनदा हाणला. तुकडे टेपांच्या कपाटात ठेवून कुलूप लावले, किल्ली स्वेटरच्या खिशात टाकली.

ट्रक रिकामाच परत गेला.